नाशिकहून डिजिटल नोमॅड व्हिसा: पात्रता कशी तपासावी आणि कागद कसे जुळवावेत

डिजिटल नोमॅड व्हिसा म्हणजे एखाद्या देशात राहून त्या देशाबाहेरच्या कंपनीचे किंवा ग्राहकांचे काम संगणकावरून करण्याची परवानगी. या व्हिसाची चौकशी करणारा माणूस पहिल्यांदा विचारतो तो पगाराचा आकडा. प्रश्न गैर नाही, पण अपुरा आहे. उत्पन्न पुरेसे असूनही अर्ज परत येतात, कारण अर्जदाराचे काम, त्याच्या खात्यात येणारा पैसा आणि त्याच्या कागदांवरचे नाव या गोष्टी एकमेकींशी जुळत नाहीत. व्हिसा अधिकारी आपल्याला ओळखत नाही आणि आपली कंपनीही ओळखत नाही. त्याच्यासमोर असतो तो कागदांचा गठ्ठा, आणि त्या गठ्ठ्यातून एकच माणूस, एकच काम आणि एकाच ठिकाणाहून येणारा पैसा दिसतो का, एवढेच तो पाहतो. पुढील विवेचन त्या दृष्टीने केले आहे.

आधी हा व्हिसा कशासाठी आहे ते नीट समजून घ्यावे. व्हिसाधारक त्या देशात राहतो, परंतु त्याचा मालक किंवा त्याचे ग्राहक त्या देशाबाहेर असतात, आणि तेथील स्थानिक नोकरी धरण्याची मुभा त्याला सहसा नसते. एस्टोनियाने ऑगस्ट २०२० मध्ये असा स्वतंत्र व्हिसा सुरू केला आणि त्यानंतर अनेक देशांनी तोच कित्ता गिरवला. स्पेनसारखा एखादा देश थोडी सवलत देतो. तेथे स्वतंत्र व्यावसायिकाला एकूण कामाच्या २० टक्क्यांपर्यंत स्पॅनिश ग्राहकांचे काम करता येते. मात्र पर्यटक व्हिसावर जाऊन गुपचूप लॅपटॉप उघडून बसणे आणि हा व्हिसा घेऊन जाणे यांत कायद्याच्या दृष्टीने मोठे अंतर आहे, आणि ते अंतर विमानतळावरील अधिकाऱ्याने विचारलेल्या एका साध्या प्रश्नात उघडे पडते.

कोणता देश आपल्यासाठी खुला आहे

उत्पन्नाच्याही आधी पासपोर्ट पाहावा. जपानने ३१ मार्च २०२४ पासून असा व्हिसा सुरू केला. वर्षाला १ कोटी येन उत्पन्नाची अट आणि सहा महिन्यांचा मुक्काम हे वाचून अनेकांना उमेद येते, परंतु ज्या देशांच्या नागरिकांना जपानमध्ये व्हिसाविना प्रवेश मिळतो आणि ज्यांच्याशी जपानचा कर करार आहे, अशाच देशांच्या नागरिकांना तो मिळतो. भारत त्या यादीत नाही. म्हणजे नाशिकच्या अर्जदाराचे उत्पन्न दोन कोटी येन असले तरी उपयोग नाही. कोणत्याही देशाचा विचार करताना भारतीय नागरिक पात्र आहे की नाही हे त्या देशाच्या वकिलातीच्या संकेतस्थळावर सर्वप्रथम पाहावे. व्हिडिओ पाहून ठरवू नये, कारण असे बहुतेक व्हिडिओ अमेरिकन किंवा ब्रिटिश पासपोर्ट असलेल्यांनी केलेले असतात.

त्यानंतर आकडा. येथे नुसता आकडा लक्षात ठेवण्यापेक्षा तो कोठून येतो हे लक्षात ठेवणे अधिक उपयोगाचे आहे. स्पेनची अट तेथील किमान वेतनाच्या दुपटीची आहे. २०२५ साली हे किमान वेतन महिन्याला १,१८४ युरो होते आणि वर्षाला असे चौदा हप्ते दिले जातात, त्यामुळे ती रक्कम बारा महिन्यांत विभागून दुप्पट केली की दरमहा सुमारे २,७६३ युरो होतात. पोर्तुगालच्या डी-८ व्हिसासाठी किमान वेतनाच्या चौपट उत्पन्न लागते. २०२५ मध्ये तेथील किमान वेतन ८७० युरो होते, म्हणून अट ३,४८० युरोंची झाली. किमान वेतन वाढले की अटही आपोआप वर सरकते, आणि म्हणून डिसेंबरात जमवलेले कागद जानेवारीत तोकडे पडू शकतात. ग्रीसमध्ये कर वजा जाता दरमहा ३,५०० युरो, एस्टोनियामध्ये कर धरून ४,५०० युरो आणि माल्टामध्ये कर धरून वर्षाला ४२,००० युरो लागतात.

हिशोब सोपा जावा म्हणून एक युरो शंभर रुपयांचा धरला, तर युरोपातील अट दरमहा पावणेतीन लाखांपासून साडेचार लाख रुपयांपर्यंत जाते. भारतीय कंपनीकडून रुपयांत पगार घेणाऱ्या बहुतेक नाशिककरांना हे दार बंद आहे, आणि ते स्पष्ट सांगितलेले बरे. त्यांनी निराश होण्याऐवजी पूर्वेकडे आणि दक्षिणेकडे पाहावे. मॉरिशसच्या प्रीमियम व्हिसासाठी दरमहा १,५०० अमेरिकी डॉलर, म्हणजे साधारण एक लाख तीस हजार रुपये पुरतात. शिवाय ज्या बेटावर एकोणिसाव्या शतकात कोकणातून गेलेल्या मजुरांचे वंशज आजही मराठी म्हणून ओळखले जातात, तेथे आपण अगदीच परके वाटणार नाही. मलेशियाच्या डी-रांताऊ नोमॅड पाससाठी संगणक क्षेत्रातील व्यक्तीला वर्षाला २४,००० डॉलर, म्हणजे वीस-एकवीस लाख रुपये दाखवावे लागतात, तर त्या क्षेत्राबाहेरच्या व्यक्तीला ६०,००० डॉलर. आपले पद कोणत्या बाजूला मोडते यावर येथे सारे अवलंबून असल्याने नियुक्तिपत्रावरील पदनाम तपासून पाहावे. इंडोनेशियाच्या ई-३३-जी व्हिसाचीही अट ६०,००० डॉलरचीच आहे. दुबईचा एक वर्षाचा परवाना दरमहा ३,५०० डॉलर मागतो.

थायलंडची पद्धत वेगळी आहे. जुलै २०२४ मध्ये सुरू झालेल्या डेस्टिनेशन थायलंड व्हिसासाठी मासिक उत्पन्नाऐवजी खात्यातील ५ लाख बाथ शिल्लक पाहिली जाते. ही रक्कम सुमारे तेरा-चौदा लाख रुपये होते. व्हिसा पाच वर्षांचा असून प्रत्येक प्रवेशाला १८० दिवस राहता येते. ज्याचा पगार मध्यम पण बचत चांगली आहे, त्याच्यासाठी माझ्या मते हा सर्वांत व्यवहार्य पर्याय आहे. मात्र तेथेही परदेशातील कामाचा पुरावा द्यावाच लागतो. नुसती मुदत ठेव दाखवून भागत नाही.

कंपनीचे पत्र

नोकरदाराचा अर्ज ज्या एका कागदावर उभा राहतो किंवा कोसळतो, तो म्हणजे कंपनीचे पत्र. आपल्याकडे मनुष्यबळ विभागाकडून मिळणारे ठराविक पत्र, ज्यात अमुक व्यक्ती अमुक तारखेपासून आमच्याकडे काम करते एवढेच असते, ते येथे पुरेसे नाही. पत्रात पद, रुजू होण्याची तारीख, नोकरी कायम आहे की कराराची, वार्षिक आणि मासिक पगार, कामाचे स्वरूप आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ही व्यक्ती हे काम भारताबाहेरून, त्या विशिष्ट देशाचे नाव घेऊन, संगणकाद्वारे करू शकते व कंपनीची त्याला संमती आहे, असे स्पष्ट वाक्य हवे. ‘घरून काम करण्याची मुभा’ असा शब्दप्रयोग असेल तर अधिकारी तो नाशिकमधील घरापुरताच धरू शकतो. स्पेनमध्ये याशिवाय कंपनी किमान एक वर्षापासून कार्यरत असल्याचा आणि अर्जदाराचे त्या कंपनीशी किमान तीन महिन्यांचे नाते असल्याचा पुरावा द्यावा लागतो. अर्जदाराकडे पदवी किंवा किमान तीन वर्षांचा अनुभव असणेही तेथे आवश्यक आहे. पत्रावर सही करणाऱ्याचे नाव, हुद्दा, कार्यालयीन ईमेल आणि फोन असावा, आणि त्या फोनवर विचारणा झाल्यास काय सांगायचे याची त्या व्यक्तीला कल्पना असावी.

हे पत्र मागितल्यावर अनेक भारतीय कंपन्या चाचरतात. त्यात केवळ अडवणूक नसते. कर्मचारी दुसऱ्या देशात दीर्घकाळ बसून काम करू लागला, तर कंपनीचेच तेथे कायमस्वरूपी आस्थापन आहे, म्हणजे कंपनीनेही तेथे कर भरावा, असे तेथील कर खाते म्हणू शकते, ग्राहकाशी झालेल्या करारात माहिती देशाबाहेर न नेण्याचे कलम असू शकते, आणि सामाजिक सुरक्षेचा, म्हणजे निवृत्तिवेतनासारख्या योजनांची वर्गणी कोणत्या देशात भरायची याचा, प्रश्न तर असतोच. म्हणून विनंती करताना ‘मला जायचे आहे’ एवढेच न लिहिता किती महिने, कोणत्या देशात, कोणत्या वेळेत काम करणार आणि तेथे कंपनीच्या वतीने करार किंवा विक्री करणार नाही, हे स्वतःहून मांडावे. ज्या देशांशी भारताचा सामाजिक सुरक्षा करार आहे, उदाहरणार्थ पोर्तुगाल, तेथे जाताना भविष्य निर्वाह निधी संघटनेकडून मिळणाऱ्या कव्हरेज प्रमाणपत्राबद्दल (वर्गणी भारतात भरली जात असल्याचा दाखला) कंपनीशी बोलून घ्यावे. कंपनीने लेखी नकार दिला तर त्या नोकरीच्या आधारावर अर्ज करू नये. तोंडी होकारावर तिकीट काढणाऱ्यांची फजिती मी पाहिली आहे.

स्वतंत्र व्यावसायिकाला कोणाची परवानगी लागत नाही, पण पुरावा जास्त लागतो. ग्राहकांशी झालेले करार, क्रमांक घातलेली बिले, प्रत्येक बिलाची खात्यात आलेली रक्कम आणि बँकेने किंवा पेमेंट कंपनीने दिलेले परकीय चलन जमा झाल्याचे प्रमाणपत्र यांची जोडी लावून ठेवावी. वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या वर असेल तर जीएसटी नोंदणी असली पाहिजे, आणि परदेशी ग्राहकांना दिलेली सेवा निर्यात म्हणून करमुक्त दाखवण्यासाठी हमीपत्र भरलेले असले पाहिजे. व्हिसा अधिकारी हे विचारेलच असे नाही, पण नोंदणी प्रमाणपत्र आणि विवरणपत्रे जोडली की हौस म्हणून केलेले फुटकळ काम आणि चालू व्यवसाय यांतला फरक आपोआप दिसतो.

खाते पुस्तक काय सांगते

तीन ते सहा महिन्यांचे बँक स्टेटमेंट बहुतेक ठिकाणी मागतात. पगारपत्रकावरील निव्वळ रक्कम, खात्यात जमा झालेली रक्कम आणि प्राप्तिकर विवरणपत्रातील वार्षिक आकडा यांचा मेळ बसला पाहिजे. पगाराचा काही भाग भत्ता किंवा परतावा म्हणून वेगळा येत असेल, तर कंपनीच्या पत्रात त्याचा उल्लेख करून घ्यावा, अन्यथा पत्रात तीन लाख आणि खात्यात दोन लाख चाळीस हजार असे दिसते आणि त्याचे स्पष्टीकरण देण्याची संधी मिळेलच याची खात्री नसते.

नाशिक जिल्ह्यातील अर्जदारांची एक खास अडचण आहे. निफाड, दिंडोरी किंवा पिंपळगावकडच्या घरात द्राक्षांचा हंगाम संपला की बागेचा पैसा येतो, लासलगावला कांदा विकला की त्याचा पैसा येतो, आणि बँकेचे व्यवहार समजणारा म्हणून घरातील शिकलेल्या मुलाच्या खात्यावर तो जमा होतो. घरच्यांसाठी ही सोय असते, पण अधिकाऱ्याला मार्चमध्ये अचानक आलेले सहा-सात लाख दिसतात. शेतीचे उत्पन्न हे दूरस्थ कामाचे उत्पन्न नव्हे, आणि बचत म्हणून ते दाखवायचे असले तरी त्याचा उगम सांगावा लागतो. म्हणून अर्जाच्या किमान सहा महिने आधी पगाराचे खाते स्वतंत्र करावे आणि घरचे व्यवहार दुसऱ्या खात्यातून करावेत. जो पैसा आधीच जमा झाला आहे, त्याच्यासोबत बाजार समितीच्या हिशोबपट्ट्या, सातबारा आणि वडिलांचे छोटे लेखी निवेदन जोडावे. नातेवाइकांकडून चार दिवसांसाठी उसने घेऊन शिल्लक फुगवण्याचा उद्योग मात्र करू नये. अधिकारी रोज अशी स्टेटमेंट वाचत असतात.

नाव, आडनाव आणि लॅमिनेशन

महाराष्ट्रातील अर्जदार सर्वाधिक अडखळतो तो नावावर. पासपोर्टवर आडनाव एका रकान्यात आणि दिलेले नाव दुसऱ्या रकान्यात असते, आणि दिलेल्या नावाच्या रकान्यात स्वतःचे नाव व वडिलांचे नाव एकत्र लिहिण्याची आपली पद्धत आहे. दहावीच्या गुणपत्रिकेवर आणि विद्यापीठाच्या अनेक कागदांवर मात्र आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचे नाव असते, आणि काही ठिकाणी आईचे नावही स्वतंत्रपणे छापलेले असते. बँकेच्या खात्यावर वडिलांचे नाव केवळ आद्याक्षरात असते. कंपनीच्या पत्रावर तर वडिलांचे नाव मुळातच नसते. आपल्याला हे सर्व एकाच माणसाचे नाव असल्याचे उघड दिसते, परंतु माद्रिदमधील अधिकाऱ्याला वडिलांचे नाव मध्ये का येते हे ठाऊक असण्याचे कारण नाही. त्याच्या दृष्टीने ‘पाटील संदीप रमेश’ आणि ‘संदीप आर. पाटील’ ही दोन माणसे असू शकतात.

यावर उपाय म्हणजे पासपोर्ट हा मूळ आधार धरून बाकी कागद त्याच्याशी जुळवणे. बँकेतील नाव केवायसी अर्ज भरून पूर्ण करून घेता येते. कंपनीला पत्र देताना पासपोर्टप्रमाणे पूर्ण नाव आणि पासपोर्ट क्रमांक लिहिण्याची विनंती करता येते. जुन्या गुणपत्रिका बदलत बसण्यापेक्षा, ही सर्व नावे एकाच व्यक्तीची आहेत असे प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून घ्यावे. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांच्या बाबतीत वडिलांच्या जागी नवऱ्याचे नाव आणि नवे आडनाव असे दोन बदल एकदम होतात. कित्येकदा तर सासरी पहिले नावही बदललेले असते. तेथे विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि पहिले नाव बदलले असल्यास राज्य शासनाच्या राजपत्रातील प्रसिद्धी, हे दोन्ही हाताशी असावेत. नाशिक महानगरपालिकेच्या हद्दीत विवाह नोंदला असेल तर प्रमाणपत्राची नवी प्रत काढून घेणे अवघड नाही. गावाकडे लग्न झाले आणि नोंदच केली नाही, अशांनी हे काम पहिल्या आठवड्यात हाती घ्यावे.

या प्रकरणात माझी स्वतःची चूक सांगणे भाग आहे. पदवी प्रमाणपत्र हाती आले त्याच संध्याकाळी मी ते कॉलेज रोडवरच्या एका दुकानात नेऊन जाड प्लॅस्टिकमध्ये लॅमिनेट करून घेतले होते, कारण आमच्या घरात महत्त्वाच्या कागदाचा मान तसाच राखला जाई. अनेक वर्षांनी ॲपोस्टीलसाठी, म्हणजे परदेशात कागद खरा मानला जावा म्हणून लागणाऱ्या सरकारी शिक्क्यासाठी, कागद काढला तेव्हा कळले की त्यावर शिक्का मारायचा आणि चिकटपट्टी लावायची तर मूळ कागदाला हात लागला पाहिजे. ते प्लॅस्टिक काढताना विद्यापीठाची मोहर त्याच्याबरोबर निघून आली, आणि दुय्यम प्रत मिळवण्यात पावणेदोन महिने गेले. ज्यांची पदवी अजून लॅमिनेट झालेली नाही त्यांनी ती तशीच राहू द्यावी. ज्यांच्याकडे केवळ तात्पुरते प्रमाणपत्र आहे, मग विद्यापीठ पुण्याचे असो वा आपल्या नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ, त्यांनी पदवीचे मूळ प्रमाणपत्र मागवून घ्यावे.

ॲपोस्टील आणि पोलीस प्रमाणपत्र

ॲपोस्टील म्हणजे आपल्या कागदावरील सही आणि शिक्का खरा आहे, अशी सरकारने दुसऱ्या सरकारला दिलेली हमी. या विषयीच्या हेग करारात भारत २००५ पासून आहे, आणि स्पेन, पोर्तुगाल, ग्रीस, एस्टोनिया, माल्टा व मॉरिशस हे देशही त्यात आहेत. संयुक्त अरब अमिरातीचा मार्ग वेगळा; तेथे परराष्ट्र मंत्रालयानंतर त्यांच्या दूतावासाचे साक्षांकन लागते. पदवी, जन्म किंवा विवाह प्रमाणपत्र आधी राज्य शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्याकडून प्रमाणित होते आणि मग परराष्ट्र मंत्रालय त्यावर ॲपोस्टील देते. मंत्रालयाचे शुल्क प्रत्येक कागदाला केवळ ५० रुपये आहे. कागद मात्र थेट खिडकीवर न घेता नेमलेल्या सेवा संस्थांमार्फत घेतले जातात आणि त्यांचे सेवाशुल्क वेगळे असते. एका कागदाचे चार-पाच हजार मागणारा दलाल नेमके कशाचे पैसे घेतो आहे हे विचारून घ्यावे. वेळ वाचवण्याची किंमत देण्यात गैर काही नाही, पण ती सरकारी फी म्हणून देऊ नये.

पोलिसांच्या प्रमाणपत्राबाबत नाशिकमध्ये नेहमी एक गोंधळ होतो. खासगी नोकरीसाठी पोलीस आयुक्तालयाकडून मिळणारे चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र वेगळे आणि व्हिसासाठी लागणारे पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट वेगळे. दुसऱ्यासाठी पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावर अर्ज करावा लागतो, शुल्क ५०० रुपये असते आणि त्यावर पासपोर्ट कार्यालयाची सही असते. पडताळणी मात्र स्थानिक पोलीस ठाणेच करते. शहरात राहणाऱ्यांची पडताळणी आयुक्तालयाच्या हद्दीतील ठाण्यातून होते, तर सिन्नर किंवा निफाडला राहणाऱ्यांची ग्रामीण पोलिसांकडून. गेल्या वर्षभरात पुण्याला किंवा बंगळूरला राहिला असाल, तर तेथील पत्त्यावरही पडताळणी जाते. दुबईत किंवा अन्यत्र नोकरी केलेल्यांना त्या देशाचेही प्रमाणपत्र मागितले जाऊ शकते. २०२६-२७ च्या सिंहस्थात पर्वणीच्या आसपास पोलीस ठाण्यांवर बंदोबस्ताचा भार असणार आहे, तेव्हा त्या काळात अर्ज करणाऱ्यांनी दोन-तीन आठवडे अधिक धरून चालावे.

कागद काढण्याचा क्रम येथे महत्त्वाचा ठरतो. पदवी आणि विवाह प्रमाणपत्र शिळे होत नाही, म्हणून ते आधी काढून त्यांचे ॲपोस्टील उरकावे. पोलीस प्रमाणपत्र, बँक स्टेटमेंट आणि कंपनीचे पत्र यांना मुदत असते, म्हणून ते शेवटी काढावेत. उत्साहाच्या भरात सर्वांत आधी पोलीस प्रमाणपत्र काढणारे अनेक जण पदवीची वाट पाहता पाहता त्याची मुदत संपवून बसतात. पासपोर्टची मुदतही आधीच पाहावी. मुक्काम संपल्यानंतर काही महिने ती शिल्लक राहायला हवी, आणि नूतनीकरण करायचे असेल तर ते बाकी कागदांवर जुना क्रमांक पडण्यापूर्वी करावे. भाषांतर ॲपोस्टीलनंतर करावे, कारण ॲपोस्टीलच्या मजकुराचेही भाषांतर अपेक्षित असते. स्पेनला शपथबद्ध भाषांतरकाराचेच भाषांतर चालते. आपल्या ओळखीतील स्पॅनिश शिकलेली मुलगी कितीही हुशार असली तरी तिची सही तेथे उपयोगाची नाही.

विम्याबद्दल थोडक्यात. घरची मेडिक्लेम पॉलिसी सहसा भारताबाहेर लागू होत नाही, आणि पर्यटकाचा ३०,००० युरोंचा शेंगेन (युरोपातील बहुतेक देशांच्या सामायिक व्हिसासाठीचा) प्रवास विमा दीर्घ मुक्कामाला पुरत नाही. स्पेनमध्ये व्यवसायास परवानगी असलेल्या कंपनीचा, रुग्णाला खर्चाचा वाटा उचलावा न लागणारा आरोग्य विमा तेथे अपेक्षित आहे. राहण्याच्या जागेचा पुरावा मागणाऱ्या देशांसाठी पहिल्या काही आठवड्यांचे रद्द करता येणारे आरक्षण चालते की भाडेकरारच लागतो, हे वकिलातीच्या यादीत पाहावे. व्हिसा हाती येण्यापूर्वी अनोळखी घरमालकाला सहा महिन्यांचे भाडे पाठवू नये.

कुटुंब सोबत नेणार असाल तर उत्पन्नाची अट वाढते. स्पेनमध्ये पहिल्या अवलंबितासाठी किमान वेतनाच्या ७५ टक्के आणि पुढील प्रत्येकासाठी २५ टक्के अधिक लागतात, तर ग्रीसमध्ये जोडीदारासाठी २० टक्के आणि प्रत्येक मुलासाठी १५ टक्के वाढ आहे. मुलांच्या जन्म प्रमाणपत्रावर आईवडिलांची नावे त्यांच्या पासपोर्टप्रमाणे आहेत का, हेही त्याच वेळी तपासावे.

मुंबईची फेरी आणि त्यानंतर

काही देशांचे अर्ज घरबसल्या भरता येतात, पण युरोपातील बहुतेक अर्जांसाठी बोटांचे ठसे द्यायला मुंबईला जावे लागते. पंचवटी एक्सप्रेसने जायचे तर मुंबईत पोहोचेपर्यंत साडेदहा उलटून जातात, म्हणून भेटीची वेळ दुपारची घ्यावी किंवा आदल्या रात्रीच मुक्कामाला जावे. प्रत्येक कागदाचा मूळ आणि दोन प्रती वकिलातीच्या यादीतील क्रमानेच लावाव्यात. सोबत एका पानाचे निवेदन द्यावे, ज्यात आपण कोण, कोणासाठी काय काम करतो, किती मिळवतो, तेथे किती काळ राहणार आणि कोणता पुरावा कोणत्या पानावर आहे, एवढेच असेल. तेथील संस्कृतीची आवड, समुद्रकिनाऱ्याची ओढ असा मजकूर त्यात नसला तरी काही बिघडत नाही. नावाचे प्रतिज्ञापत्र आणि बागेच्या पैशाचा खुलासा मात्र याच निवेदनातून दाखवून द्यावा, म्हणजे शंका येण्याआधी उत्तर समोर असते.

अर्ज नाकारला गेला तर कारण लेखी घ्यावे आणि पुढील अर्जात तो नकार लपवू नये. नव्या अर्जाआधी नेमके तेच कारण दूर झाले पाहिजे. उत्पन्न अपुरे म्हणून नाकारलेला अर्ज अधिक सुबक निवेदन जोडून मंजूर होत नाही.

कराचा विचार व्हिसा मिळाल्यावर नव्हे, देश निवडतानाच करावा. एका आर्थिक वर्षात भारतात १८२ दिवस किंवा त्याहून अधिक राहिल्यास आपण भारताचे करनिवासी ठरतो आणि जगभरातील उत्पन्न येथे दाखवावे लागते. दुसरीकडे बहुतेक देश १८३ दिवसांच्या आसपास मुक्काम ओलांडला की आपल्याला स्वतःचे करनिवासी मानू लागतात. आपले आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होते आणि त्यांचे बहुधा जानेवारीला, त्यामुळे ऑगस्टमध्ये गेलेला माणूस दोन्ही देशांच्या हिशोबात सापडू शकतो. वर उल्लेख केलेल्या युरोपीय देशांशी भारताचे दुहेरी कर टाळण्याचे करार आहेत, परंतु करार असला म्हणजे विवरणपत्र भरावे लागत नाही असे नाही. स्पेन पात्र अर्जदारांना ६ लाख युरोंपर्यंतच्या उत्पन्नावर २४ टक्के दराची विशेष योजना देते, आणि तिच्यासाठी तेथे गेल्यावर ठरलेल्या मुदतीत स्वतंत्र अर्ज करावा लागतो. सनदी लेखापालाकडे जाताना ‘किती कर लागेल’ असे विचारण्याऐवजी जाण्याची आणि परतण्याची तारीख, पगार कोणत्या देशातून व कोणत्या खात्यात येतो आणि घरभाडे किंवा शेअरचे भारतातील उत्पन्न किती, हे लिहून न्यावे. अन्यथा मिळणारा सल्ला मोघमच असतो. नोकरीसाठी दीर्घकाळ बाहेर जाणाऱ्याने बचत खाते अनिवासी प्रकारात बदलण्याबद्दलही त्याच बैठकीत विचारून घ्यावे.

व्हिसा मंजूर होणे म्हणजे काम संपणे असे सर्वत्र नाही. पोर्तुगालचा निवासी प्रकारचा डी-८ व्हिसा चार महिन्यांचा असतो आणि तेवढ्या काळात तेथील स्थलांतर संस्थेकडून निवास परवाना घ्यायचा असतो. स्पेनमध्ये वकिलातीतून एक वर्षापर्यंतचा व्हिसा मिळतो आणि पुढे तेथूनच मुदतवाढ मागता येते. त्या वेळीही कंपनीचे पत्र, स्टेटमेंट आणि विमा यांची तपासणी पुन्हा होते, म्हणून नाशिकमध्ये तयार केलेली संपूर्ण फाईल स्कॅन करून सोबत न्यावी आणि मूळ कागदांपैकी ॲपोस्टील केलेले तेवढे हातातल्या पिशवीत ठेवावेत, विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात नव्हे.